विश्लेषण : बर्फावर तोफा डागणारा रेंजर… हिमस्खलनाला आधीच पाडण्याची रीत घालून देणारे माँटी ॲटवॉटर कोण होते?

दर हिवाळ्यात गुलमर्गहून स्कीइंगचे व्हिडीओ येतात आणि अधूनमधून हिमस्खलनाच्या बातम्याही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवत शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग परिसरात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर तेच प्रश्न पुढे येतात. डोंगर मोकळा ठेवायचा की बंद करायचा? हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारावर? या प्रश्नांचे पद्धतशीर उत्तर अमेरिकेत प्रथम ज्यांनी शोधले, ते मॉण्टगोमेरी उर्फ माँटी ॲटवॉटर मूळचे शास्त्रज्ञ नव्हते. ते लेखक होते, सैनिक होते आणि नंतर वन विभागाचे कर्मचारी झाले. त्यांचे काम काय होते आणि आजही ते का महत्त्वाचे आहे, याविषयी.

कोण होते माँटी ॲटवॉटर?

ॲटवॉटर यांचा जन्म १९०४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात झाला. वडील मॅक्सवेल खाण अभियंता होते. आई मेरी मेग्ज ॲटवॉटर यांचे नाव अमेरिकी हातमागाच्या इतिहासात आजही आदराने घेतले जाते. विस्मरणात चाललेले जुने विणकामाचे नमुने गोळा करणे, त्यांची मांडणी समजून घेणे आणि कोणालाही विणता येतील अशा रीतीने ते लिहून ठेवणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. मोंटाना राज्यातील बेसिन या छोट्या खाणगावात त्यांनी हे काम सुरू केले. १९१९ मध्ये मॅक्सवेल यांचे निधन झाले, तेव्हा माँटी जेमतेम १५ वर्षांचे होते.

पुढे ते हार्वर्ड विद्यापीठातून पदवीधर झाले. तेथून एखाद्या मोठ्या शहरात सुखाची नोकरी मिळाली असती, पण त्यांचा ओढा पश्चिमेकडच्या डोंगरांकडेच राहिला. त्यांनी लिखाणाला सुरुवात केली. रानावनातील साहसांवर मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या ही त्यांची पहिली ओळख. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करात दाखल झाले. बर्फात लढण्याचे आणि स्कीवर चालण्याचे प्रशिक्षण देण्याचे काम त्यांनी केले. पुढे युरोपच्या आघाडीवर ते जखमी झाले आणि १९४५ मध्ये घरी परतले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

त्याच वर्षी त्यांना युटा राज्यातील अल्टा येथे वन विभागात स्नो रेंजरची नोकरी मिळाली. लिहायला निवांत वेळ मिळेल आणि स्कीइंगही करता येईल, एवढीच तेव्हा अपेक्षा असावी. प्रत्यक्षात पुढची ११ वर्षे अल्टात गेली आणि बर्फ हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला.

अल्टा हेच ठिकाण का?

सॉल्ट लेक सिटीपासून तासाभराच्या अंतरावर लिटल कॉटनवूड नावाची अरुंद, खोल दरी आहे. तिच्या वरच्या टोकाला, सुमारे २,६०० मीटर उंचीवर अल्टा वसले आहे. १८७०च्या दशकात हे चांदीच्या खाणींचे गजबजलेले गाव होते. खाणींना आधार देण्यासाठी आणि जळणासाठी आजूबाजूच्या उतारांवरील झाडे तोडली गेली. उघड्या पडलेल्या उतारांवरून बर्फ विनाअडथळा खाली येऊ लागला. त्या दोन दशकांत हिमस्खलनांनी गावातील घरे अनेकदा उद्ध्वस्त केली आणि कित्येक खाणकामगार गाडले गेले. चांदीचा भाव पडल्यावर गाव ओस पडले.

१९३०च्या दशकात स्वतःला अल्टाचे महापौर म्हणवणारे जॉर्ज वॉटसन हेच काय ते तेथील प्रमुख रहिवासी उरले होते. त्यांनी खाणींच्या जमिनींवरील पृष्ठभागाचे हक्क वन विभागाला दिले. विभागाने उतारांवर पुन्हा झाडे लावण्याचे काम हाती घेतले आणि स्कीइंगसाठी जागेची पाहणी करून घेतली. जानेवारी १९३९ मध्ये अल्टाची पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लिफ्ट खासगी कंपनीची असली तरी डोंगर सरकारी होता. त्यामुळे त्या डोंगरावर लोकांना जाऊ देण्याची जबाबदारी वन विभागावर आली. आधी बर्फ पडायचा तेव्हा खाणकामगार घरात बसायचे. आता मात्र लोक बर्फ पडला म्हणूनच शहरातून अल्टाला येऊ लागले. अल्टात एका हिवाळ्यात साधारण १२ ते १३ मीटर हिमवर्षाव होतो. त्यातही ताजा, भुसभुशीत, कोणी न तुडवलेला बर्फ स्कीअरना सर्वात प्रिय. नेमका तोच बर्फ सर्वात धोकादायक असतो.

नोकरी नेमकी काय होती?

सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी कोणता उतार उघडायचा आणि कोणता बंद ठेवायचा हे सांगणे, हे रेंजरचे काम. शिवाय दरीतून वर येणारा एकमेव रस्ता साठहून अधिक हिमस्खलन मार्गांच्या खालून जातो. तो कधी बंद करायचा, हेही ठरवावे लागे.

हा अधिकार कागदावर मोठा वाटतो. प्रत्यक्षात उतार बंद ठेवला आणि काहीच घडले नाही, तर लिफ्टचा धंदा बुडाला म्हणून रेंजरला बोल लागायचे. उतार उघडला आणि बर्फ सुटला, तर माणसे मरायची. काही दिवस सगळेच बंद ठेवायचे, हा पहिला आणि सोपा उपाय होता. पण किती दिवस? बर्फ स्थिरावला हे कसे ओळखायचे? याचे उत्तर तेव्हा अमेरिकेत कोणाकडेही नव्हते. युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळील वाइसफ्लूयोख येथे बर्फाचा शास्त्रीय अभ्यास सुरू होता. पण तो बहुतांशी जर्मन भाषेत होता आणि तेथील हवामान वेगळे होते.

ॲटवॉटर यांनी हाताशी होते त्यातून सुरुवात केली. मोजमापासाठी एक जागा राखून ठेवली. तेथे बर्फाची उंची, नव्या बर्फाचे वजन, वाऱ्याचा वेग आणि तापमान यांच्या नोंदी सुरू केल्या. वादळ सुरू झाले की दर काही तासांनी नोंद करायची. बर्फ सुटला की कुठून सुटला, किती जाडीचा होता, आधीचे काही तास हवा कशी होती, हे लिहून ठेवायचे. वासाच राष्ट्रीय वनाचे पर्यवेक्षक फेलिक्स कोझिऑल यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. या दोघांच्या नावाने पुढे अल्टातील हिमस्खलनांचा अभ्यास अहवालरूपाने प्रसिद्ध झाला.

हिमस्खलन का होते?

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो आणि थंडी, ऊन, वारा यामुळे प्रत्येक थराचा पोत बदलत जातो. काही थर घट्ट होतात, तर काही थरांत साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. अशा कमकुवत थरावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाचा घट्ट थर बसला, की वर एक स्लॅब तयार होतो आणि त्याच्याखाली आधार असा उरत नाही.

घराच्या स्लॅबखालचे खांब आतून पोकळ झाले तर वरून काहीच कळत नाही, तसेच येथे होते. उतार पांढराशुभ्र आणि शांत दिसतो. एखादा स्कीअर त्यावर आला की त्याच्या वजनाने खालचा थर एका ठिकाणी मोडतो, ती मोड क्षणार्धात दूरवर पसरते आणि अख्खा स्लॅब सुटतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ही शक्यता सर्वाधिक असते. स्कीअरना आवडणारे उतारही नेमके याच कोनाचे असतात.

यात किती बर्फ असतो, याचा एक साधा हिशेब पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि अवघा अर्धा मीटर जाड स्लॅब घेतला तर तो ४५० घनमीटर होतो. एका घनमीटरचे वजन २०० किलो धरले, तरी एकूण ९० टन बर्फ सुटतो. डोंगराच्या मानाने हे लहान हिमस्खलन म्हणावे लागेल.

ॲटवॉटर यांनी नोंदींच्या आधारे धोका वाढवणाऱ्या दहा घटकांची यादी केली. जुन्या बर्फाची खोली आणि त्याचा पृष्ठभाग, नव्या बर्फाची खोली, प्रकार आणि घनता, हिमवर्षावाचा वेग, त्यातून तासाला पडणाऱ्या पाण्याचे प्रमाण, बर्फ दबून बसण्याची गती, वारा आणि तापमान. किती बर्फ पडला यापेक्षा तो किती वेगाने पडला आणि तेव्हा वारा किती होता, याला त्यांनी जास्त महत्त्व दिले. दोन दिवसांत सावकाश पडलेला एक मीटर बर्फ स्वतःच्या वजनाने बसत जातो. तेवढाच बर्फ जोरदार वाऱ्यासह एका रात्रीत पडला तर उतारावर अचानक भार येतो.

यादी साधी होती, पण तिचा उपयोग मोठा होता. तोवर जुन्या जाणत्याच्या अंदाजावर चालणारा निर्णय आता नव्या रेंजरलाही मोजमाप करून घेता येऊ लागला. का बंद केले, असे कोणी विचारले तर दाखवायला आकडे होते.

बंद ठेवण्यापेक्षा पाडणे बरे, हा विचार कसा आला?

अंदाज कितीही चांगला असला तरी उतार दिवसेंदिवस बंद ठेवणे व्यवहार्य नव्हते. ॲटवॉटर यांनी प्रश्न उलट बाजूने घेतला. बर्फ सुटणारच असेल, तर खाली कोणी नसताना, आपण ठरवलेल्या वेळी तो का सोडू नये?

पहिला मार्ग होता प्रत्यक्ष स्कीवरून चाचणी घेण्याचा. उताराच्या अगदी वरच्या कडेने एकाने वेगाने आडवे जायचे, दुसऱ्याने सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवायचे. थर कच्चा असेल तर तो स्कीखाली तुटतो आणि स्कीअर कडेला निघून जातो. हिशेब चुकला तर तो स्कीअरच बर्फाबरोबर खाली जातो. ॲटवॉटर स्वतः एकदा असे वाहून गेले आणि वाचले. वाहत्या बर्फात माणसाचे काय होते, याचे त्यांनी पुढे केलेले वर्णन हिमस्खलनावरील साहित्यात प्रसिद्ध आहे.

दुसरा मार्ग स्फोटकांचा. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि लष्कराकडे शिल्लक स्फोटके भरपूर होती. ती पाठपिशवीत घेऊन कड्यावर चढायचे, बर्फात ठेवायची आणि दूर होऊन उडवायची. पद्धत परिणामकारक ठरली, पण वादळात, अंधारात तिथवर पोहोचणे हाच मोठा धोका होता. शिवाय रस्त्यावर येणाऱ्या हिमस्खलनांची मुळे दरीच्या भिंतींवर इतकी उंच होती, की तेथे वेळेत पोहोचणे शक्यच नव्हते.

तोफ कशी आली?

तोफेने बर्फ पडतो, हे जगाला आधीच कळले होते, तेही फार वाईट रीतीने. पहिल्या महायुद्धात आल्प्समध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सैन्यांत डोंगरी लढाई झाली. १९१६च्या डिसेंबरमध्ये तेथे हिमस्खलनांत हजारो सैनिक गाडले गेले. शत्रूच्या वरचा बर्फ तोफगोळ्यांनी पाडण्याचे प्रकारही त्या युद्धात घडले.

त्याच शस्त्राचा उपयोग माणसे वाचवण्यासाठी करायचा, ही कल्पना ॲटवॉटर यांनी अल्टात उचलून धरली. नागरी विभागाच्या हातात तोफ देण्यास प्रशासन अर्थातच नाखूश होते. अखेर १९४९ मध्ये युटा नॅशनल गार्डची ७५ मिलिमीटरची फ्रेंच बनावटीची जुनी तोफ अल्टात आणली गेली. ती डागण्याचे काम गार्डच्या जवानांचे आणि निशाणा कुठे धरायचा हे सांगण्याचे काम रेंजरचे. हिमस्खलन नियंत्रणासाठी लष्करी तोफेचा अमेरिकेतील हा पहिला वापर मानला जातो.

तोफेचा खरा फायदा अंतराचा होता. दरीच्या तळाशी उभे राहून दोन-तीन किलोमीटरवरच्या उताराला हात घालता येत होता. दिशा आणि कोन आधीच मोजून ठेवले, तर ढगांत काही दिसत नसतानाही नेमक्या जागी गोळा टाकता येई. पुढे वन विभागाला स्वतः तोफा हाताळण्याची परवानगी मिळाली आणि वजनाने हलक्या रिकॉइललेस रायफली वापरात आल्या. रस्ता पहाटे बंद करायचा, तोफ डागायची, खाली आलेला बर्फ बुलडोझरने बाजूला करायचा आणि मग वाहने सोडायची, हा दिनक्रम तेव्हापासून रूढ झाला.

हे ज्ञान अल्टाबाहेर कसे गेले?

आईने विणकामाचे नमुने लिहून ठेवले, मुलाने बर्फाचे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कोझिऑल आणि ॲटवॉटर यांचे हिमस्खलनावरील हस्तपुस्तक वन विभागाने प्रसिद्ध केले. अन्य भागांतील रेंजरांसाठी अल्टातच प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. १९५४ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात ॲटवॉटर यांचा हिमस्खलनावरील लेख आला आणि विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत गेला. याच काळात त्यांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्यांतही स्की पेट्रोल आणि हिमस्खलने आली.

१९५२ मध्ये एड लाशापेल हे तरुण संशोधक अल्टात दाखल झाले. भौतिकशास्त्राचे शिक्षण आणि स्वित्झर्लंडमधील संस्थेत वर्षभराचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ॲटवॉटर यांचा भर व्यवहारावर, तर लाशापेल यांचा भर बर्फाच्या अंतर्गत रचनेवर. १९५६ मध्ये ॲटवॉटर अल्टाहून बाहेर पडले आणि लाशापेल यांनी तेथील संशोधन पुढे नेले.

ऑलिम्पिक आणि बेसबॉलचे यंत्र

१९६० ची हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे झाली. (या रिसॉर्टचे नाव २०२१ मध्ये पॅलिसेड्स टाहो असे बदलण्यात आले.) तेथील शर्यतींचे उतार थेट हिमस्खलनाच्या टापूत होते. जगभरातील खेळाडू, हजारो प्रेक्षक आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे असताना शर्यत रद्दही करता येत नव्हती आणि धोकाही पत्करता येत नव्हता. हिमस्खलन नियंत्रणाची जबाबदारी ॲटवॉटर यांच्यावर सोपवण्यात आली. ऐन उद्घाटनाच्या वेळी जोरदार हिमवर्षाव झाला, तरी स्पर्धा सुरळीत पार पडली. ज्या दिवशी काहीच घडत नाही तो या कामातला यशाचा दिवस. म्हणूनच त्याची बातमी सहसा होत नाही.

लष्करी तोफांचा एक प्रश्न मात्र कायम होता. तोफा आणि दारूगोळा लष्कराकडून मिळाला तरच मिळायचा आणि प्रत्येक रिसॉर्टला तो मिळणे शक्य नव्हते. फ्रँक पार्सोनॉल्ट यांनी बेसबॉलच्या सरावासाठी दाबाखालील वायूने चेंडू फेकणारे यंत्र बनवले होते. ॲटवॉटर यांनी त्यांच्यासह त्याच तत्त्वावर स्फोटके फेकणारी तोफ विकसित केली. ॲव्हलाँचर या नावाने ती ओळखली गेली आणि पुढील कित्येक वर्षे अनेक रिसॉर्टमध्ये वापरात राहिली.

१९६०च्या दशकात ते दक्षिण अमेरिकेत चिलीला गेले. पोर्तियो या अँडीज पर्वतातील ठिकाणी १९६६ ची जागतिक अल्पाइन स्कीइंग स्पर्धा होणार होती. आदल्या वर्षी तेथे आलेल्या वादळात हिमस्खलनांनी लिफ्ट उद्ध्वस्त केल्या. अशा जागी स्पर्धा सुरक्षित पार पाडण्याच्या कामात ॲटवॉटर होते. स्पर्धा ठरल्याप्रमाणे ऑगस्ट १९६६ मध्ये झाली. १९६८ मध्ये त्यांनी द ॲव्हलांच हंटर्स हे अनुभवकथन प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग आजही लोक का मरतात?

ॲटवॉटर यांच्या पद्धतीने रिसॉर्टची हद्द पुष्कळ सुरक्षित झाली. अमेरिकेत दरवर्षी हिमस्खलनांत सरासरी २५ ते ३० जणांचा मृत्यू होतो. त्यात रिसॉर्टच्या खुल्या उतारांवरील मृत्यू मोजकेच असतात. बाकी जवळपास सगळे हद्दीबाहेर, म्हणजे बॅककंट्रीत होतात.

हद्दीबाहेरचा डोंगर दिसायला अगदी तसाच असतो. अनेकदा लिफ्टने वर जाऊन, दोरी ओलांडून, दहा मिनिटांत तेथे पोहोचता येते. फरक इतकाच, की पहाटे तेथे कोणी बर्फ पाडलेला नसतो. दोरीच्या आत दिवसभर हजारो स्कीअर थर तुडवून घट्ट करतात. दोरीच्या बाहेर कमकुवत थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. आधी गेलेल्या चार-पाच जणांच्या खुणा दिसल्या म्हणजे उतार सुरक्षित, असेही नाही. सहाव्याच्या वजनाने तो सुटू शकतो. हिमस्खलनात सापडलेल्या दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत ते हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेले असते.

मग हद्द बंदच का करू नये? अमेरिकेत हा वाद अनेक दशके चालला. डोंगर सरकारी वनाचा, म्हणजे लोकांचा. त्यावर जाण्यास सरसकट मनाई कशी करणार, असा एक पक्ष. बचावासाठी जाणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो आणि वरून सुटलेला बर्फ खालच्या रस्त्यावर येतो, असा दुसरा. वायोमिंगमधील जॅक्सन होल रिसॉर्टने १९९९ मध्ये हद्दीवरची बंदी उठवून दारे बसवली, ती याच वादानंतर. आज बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. बाहेर जाण्यासाठी ठरावीक दारे असतात, त्यावर स्पष्ट इशारा असतो आणि ते ओलांडल्यावर जबाबदारी ज्याची त्याची.

जबाबदारी लोकांवर टाकायची तर माहितीही द्यायला हवी. १९८० मध्ये युटात हिमस्खलन अंदाज केंद्र सुरू झाले. आता अशी केंद्रे रोज सकाळी पाच पातळ्यांच्या मापावर धोका जाहीर करतात. लक्षात ठेवण्याजोगी बाब ही, की सर्वाधिक मृत्यू पाचव्या पातळीवर होत नाहीत. तेव्हा धोका उघड दिसतो आणि लोक घरी थांबतात. जीव जातात ते बहुधा तिसऱ्या पातळीवर, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि मोह मोठा असतो.

गाडल्यावर किती वेळ मिळतो?

थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो. आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता चांगली असते. अर्धा तास उलटला की ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरचे बचाव पथक पोहोचणे जवळपास अशक्य. वाचवू शकतात ते फक्त सोबती.

म्हणून तीन वस्तू अनिवार्य मानल्या जातात. पहिली ट्रान्सीव्हर, म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडणारे आणि गरज पडल्यास तोच संदेश शोधणारे छोटे यंत्र. दुसरी बर्फात खुपसून पाहण्याची लांब घडीची सळई आणि तिसरी फावडे. यातील पहिले व्यवहार्य यंत्र स्काडी या नावाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आले. ॲटवॉटर यांची बहुतेक कारकीर्द त्याआधीची. त्या काळात गाडलेला माणूस शोधायचा, तर माणसांची रांग करून सळया खुपसत जाण्याखेरीज फारसा उपाय नव्हता. धोका टाळण्यावर त्यांचा एवढा भर का होता, हे त्यावरून समजते.

तोफांचे पुढे काय झाले?

लिटल कॉटनवूड दरीत लष्करी तोफा पुढे अनेक दशके वापरात राहिल्या. पण त्यांचे धोकेही समोर आले. मार्च २००५ मध्ये युटातच हिमस्खलन नियंत्रणासाठी डागलेला एक गोळा डोंगर ओलांडून प्लेझंट ग्रोव्ह गावातील घराच्या आवारात पडला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. जुन्या तोफांचा दारूगोळा आणि सुटे भाग मिळणेही अवघड होत गेले. त्यामुळे आता कड्यांवर कायमस्वरूपी मनोरे उभारून दूरनियंत्रणाने स्फोट घडवणाऱ्या यंत्रणा त्यांची जागा घेत आहेत.

साधन बदलले, तरी नियम तोच राहिला. धोका फार वाढला की अल्टात आजही सगळ्यांना इमारतीबाहेर पडण्यास कायद्याने मनाई केली जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ही मनाई सुमारे ६० तास चालली.

भारतासाठी याचा अर्थ काय?

गुलमर्गचा गोंडोला २००५ पासून पर्यटकांना अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटर उंचीवर नेतो. तेथून कोणत्याही दिशेला उतरता येते. पेट्रोलिंग आणि नियंत्रण मात्र गोंडोलाजवळच्या ठरावीक उतारांपुरतेच असते. जे अल्टात दोरीपलीकडे, ते गुलमर्गला डोंगराचा बहुतांश भाग.

भारतात या विषयाचा अभ्यास मुख्यतः लष्करी गरजेतून वाढला. १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेली डीआरडीओची हिम अभ्यास संस्था २०२० मध्ये नव्या भू-माहिती संशोधन आस्थापनेत (डीजीआरई) विलीन झाली. ही आस्थापना हिमालयीन भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे जारी करते. ते इशारे ज्यांच्यासाठी असतात, त्यात महाराष्ट्रातली माणसेही असतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये हिमस्खलनात सापडलेल्या दहा जवानांपैकी एक सातारा जिल्ह्यातील होता. सह्याद्रीत ट्रेक करून पुढे हिमालयातील हिवाळी ट्रेक आणि स्कीइंगच्या अभ्यासक्रमांकडे वळणारे मराठी तरुणही बरेच आहेत. सह्याद्रीने कडे आणि पाऊस शिकवलेला असतो, बर्फ नाही.

अशांनी निघण्यापूर्वी काही गोष्टी तपासायला हव्यात. त्या दिवसाचा इशारा कोणत्या पातळीचा आहे? गेल्या २४ तासांत किती बर्फ पडला आणि वारा किती होता? आपण ३० अंशांहून तीव्र उतारावर किंवा त्याच्या खाली जाणार आहोत का? गटातील प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, सळई आणि फावडे आहे का आणि ते वापरण्याचा सराव झाला आहे का? धोक्याचा उतार सर्वांनी एकदम न ओलांडता एकेकाने ओलांडायचे ठरले आहे का? आणि यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर परत फिरायला सगळे तयार आहेत का?

यातील पहिल्या तीन प्रश्नांमागे ॲटवॉटर यांनी अल्टात वादळी रात्री जागून केलेल्या नोंदी आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्रात सापडत नाही. ते रोज सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी त्यांना स्वतःलाच द्यावे लागायचे. दोरीपलीकडे जाणाऱ्याला ते आजही स्वतःच द्यावे लागते.